न दिसणाऱ्या ज्योतीचा परवाना

अमेरिकेच्या अवकाश कार्यक्रमात हायड्रोजन हाताळणाऱ्या कामगारांची एक जुनी पद्धत होती. कुठे गळती होऊन वायू पेटल्याचा संशय आला, की ते लांब दांड्याचा गवती झाडू हातात घ्यायचे आणि तो पुढे धरून एकेक पाऊल टाकत जायचे. झाडूचं टोक एकाएकी पेटलं, की समजायचं, ज्योत इथे आहे. शुद्ध हायड्रोजनची ज्योत फिक्या निळ्या रंगाची असते आणि भर उन्हात ती डोळ्यांना दिसतच नाही. तिच्यात काजळी नसते. एरवी काजळीचे तापलेले कणच ज्योतीला पिवळा रंग देतात आणि धग लांबवर पोचवतात. ते नसल्यामुळे दोन हजार अंशांची ज्योत समोर असूनही माणूस अगदी जवळ जाईपर्यंत बेसावध राहू शकतो.

हा वायू आता आपल्या रस्त्यांवर येतो आहे. राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ रोजी मंजुरी दिली, १९,७४४ कोटी रुपयांच्या तरतुदीसह. त्याच अभियानात मार्च २०२५ मध्ये वाहतुकीसाठी पाच पथदर्शी प्रकल्प ठरले: ३७ बस आणि ट्रक, त्यांच्यासाठी ९ हायड्रोजन पंप आणि देशभरातले दहा मार्ग. त्या दहांमध्ये पुणे–मुंबई आहे. फरिदाबादला इंडियन ऑइलच्या संशोधन केंद्रात हायड्रोजन भरण्याची सोय बऱ्याच वर्षांपासून आहे. लेहमध्ये समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरहून उंचावर एनटीपीसीचा पंप नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. पण संशोधन केंद्राचं आवार वेगळं आणि पुणे–मुंबईची वर्दळ वेगळी. म्हणून हा प्रश्न आता आपल्या घरचा झाला आहे: अशा पंपाला ‘हो’ कोण म्हणतं, आणि काय बघून म्हणतं?

म्हणणारं कार्यालय नागपुरात आहे. पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो. १८९८ पासून चालत आलेलं हे खातं पूर्वी स्फोटक विभाग म्हणून ओळखलं जायचं आणि या धंद्यातली जुनी माणसं अजूनही ‘एक्स्प्लोझिव्हजचं लायसन्स’ असंच म्हणतात. वाहनात भरायच्या इंधनाचा स्फोटकांशी काय संबंध, असं वाटेल. संबंध कायद्याने जोडलेला आहे. १८८४ च्या स्फोटक कायद्याचं कलम १७ सरकारला अधिकार देतं, की एखादी वस्तू जीविताला तितकीच धोकादायक असेल तर तिलाही स्फोटक मानावं. सप्टेंबर १९३८ च्या अधिसूचनेने धातूच्या भांड्यात दाबून भरलेला वायू स्फोटक ठरला. मग १९४० मध्ये गॅस सिलिंडर नियम आले, ते पुढे अनेकदा नव्याने लिहिले गेले आणि आज २०१६ चे नियम लागू आहेत. मोठ्या टाक्यांसाठी त्याच वर्षीचे स्थिर व फिरत्या दाबपात्रांचे वेगळे नियम आहेत. आपल्या स्वयंपाकघरातला सिलिंडर, रिक्षातली सीएनजीची टाकी आणि उद्याचा हायड्रोजन पंप यांची वंशावळ अशी एकाच कायद्यापर्यंत जाते.

या पद्धतीत मंजुरी दोन टप्प्यांनी मिळते. आधी जागेचा नकाशा, यंत्रांची मांडणी, अंतरं, टाक्यांची रेखाचित्रं यांना पूर्वमान्यता. मग बांधकाम. ते झाल्यावर तपासणी, चाचण्यांचे दाखले, आणि सगळं नकाशाबरहुकूम असेल तर परवाना. सिलिंडर आणि त्याचा व्हॉल्व्ह यांना स्वतंत्र मान्यता लागते. वाहनाची तपासणी आणखी वेगळी, ती पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था करतात. ऐकायला हे सारं कागदोपत्री वाटतं. पण प्रत्येक कागदामागे या वायूचा एकेक स्वभाव उभा आहे, आणि तो कळला की नियम पाठ करावे लागत नाहीत.

हायड्रोजन महाराष्ट्राला नवा नाही. वनस्पती तुपाच्या कारखान्यांत तेल घट्ट करायला तो पिढ्यान् पिढ्या वापरात आहे. चेंबूर आणि थळच्या खत कारखान्यांत अमोनिया त्याच्यापासूनच होतो. तेलशुद्धीकरण कारखाने डिझेलमधलं गंधक काढायला तो वापरतात. औद्योगिक हायड्रोजनचा सिलिंडर लाल रंगाचा असतो आणि त्याच्या व्हॉल्व्हचे आटे उलटे असतात, म्हणजे ऑक्सिजनचा रेग्युलेटर चुकूनही त्यावर बसू नये. त्या उलट्या आट्यांबद्दल मला फार आदर आहे. रात्रपाळीच्या थकलेल्या कामगाराने पाटी वाचली नाही तरी त्याचा हात अडतो.

कारखान्यात फाटक असतं, शिकलेली माणसं असतात, काडेपेटी बाहेर ठेवून आत जावं लागतं. पंपावर यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. तिथे दिवसभर गाडी हाकून शिणलेला ड्रायव्हर येतो, शेजारी चहाची टपरी असते, गाडीत झोपलेली मुलं असतात. हायड्रोजन पंपाला मंजुरी देणं म्हणजे कारखान्याची शिस्त फाटकाबाहेर आणून रस्त्याच्या कडेला टिकवणं. माझ्या मते या विषयाची सगळी अवघड बाजू इथे आहे.

सीएनजी पंपाने आपल्याला यातली थोडी सवय लावली आहे. रांगेतल्या रिक्षाचा नंबर आला की प्रवासी न सांगता उतरतात आणि बाजूला उभे राहतात. पंपावरचा मुलगा टाकीच्या चाचणीची पट्टी बघतो, दर तीन वर्षांनी ती चाचणी व्हावी लागते, आणि मगच नळी जोडतो. ही सवय मोलाची आहे. पण सीएनजी पंपाचा नकाशा घेऊन त्यावर ‘हायड्रोजन’ एवढाच शब्द बदलता येत नाही, आणि मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याचं पहिलं काम हा मोह ओळखणं हे आहे.

फरक आकड्यांत बघा. सीएनजीतला मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्के मिसळला असेल तेव्हाच पेट घेतो. त्याहून कमी किंवा जास्त असेल तर नाही. हायड्रोजनची हीच मर्यादा ४ ते ७५ टक्के आहे. मिथेन पेटायला सुमारे ०.२८ मिलिज्यूल ऊर्जेची ठिणगी लागते, हायड्रोजनला ०.०२ पुरते. हिवाळ्यात स्वेटर काढताना किंवा गाडीच्या दाराला हात लागताना जी बारीक चटक बसते, ती आपल्याला जाणवते तेव्हा तिच्यात साधारण एक मिलिज्यूल ऊर्जा असते. म्हणजे माणसाच्या त्वचेला जी कळतही नाही, अशी ठिणगीही हायड्रोजनला पुरेल. म्हणून इथे अर्थिंगची जोडणी नुसती असून भागत नाही, तिचा रोध मोजलेला असावा लागतो. उभं राहायची फरशी, कामगारांचे बूट आणि कपडे हेसुद्धा तपासणीचे विषय होतात.

दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे सांगायला हवी, कारण हायड्रोजन म्हटलं की लोकांना ६ मे १९३७ रोजी लेकहर्स्टला जळालेलं, हायड्रोजनने भरलेलं हिंडेनबर्ग वायुजहाज आठवतं. त्या दुर्घटनेत जमिनीवरच्या एकासह ३६ जण गेले. पण जहाजात असलेल्या ९७ पैकी ६२ जण वाचले, हे क्वचितच सांगितलं जातं. हायड्रोजन हवेपेक्षा सुमारे चौदापट हलका आहे. मोकळ्या जागेत गळाला तर तो साचून राहत नाही, वर निघून जातो. पेट्रोलची वाफ आणि स्वयंपाकाचा गॅस जमिनीलगत पसरतात, गटारात आणि खड्ड्यात दबा धरून बसतात. हायड्रोजन त्या बाबतीत उजवा आहे, मात्र एका अटीवर: त्याला वर जायला वाट हवी.

म्हणून पंपाचं छत हा सुरक्षेचा भाग ठरतो. आपल्याकडे छत म्हणजे पाऊस अडवायचं आणि कंपनीचं नाव झळकवायचं साधन. खाली पीओपीची किंवा पत्र्याची सपाट छतपट्टी लावून आत दिवे बसवले, की तिच्या वर पोकळी तयार होते. गळालेला हायड्रोजन नेमका तिथे जाऊन साठेल, आणि नेमके तिथेच विजेचे दिवे. नकाशा तपासताना छताला उतार आहे का, सर्वांत उंच जागी वायूला बाहेर पडता येतं का, तुळयांच्या मधे कोनाडे राहिलेत का, हे बघावं लागतं. कॉम्प्रेसर बंद खोलीत असेल तर तिचे झरोके वरच्या बाजूला हवेत. एरवी गवंडी झरोका खाली ठेवतो की वर, याने फारसं बिघडत नाही. इथे बिघडतं.

वासाचंही असंच आहे. घरच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात गंधकयुक्त मर्कॅप्टन मुद्दाम मिसळतात, आणि त्या उग्र वासाने आजवर किती घरं वाचली असतील याचा हिशेब नाही. हायड्रोजनमध्ये ते मिसळता येत नाही. गाडीत हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या इंधन घटातल्या (फ्युएल सेल) प्लॅटिनमला गंधक चालत नाही. वाहनाच्या हायड्रोजनचं आंतरराष्ट्रीय मानक एक अब्ज भागांत फक्त ४ भाग गंधक सहन करतं. नाक निकामी, डोळे निकामी, तेव्हा त्यांची कामं यंत्रांना द्यावी लागतात. छताखाली आणि कॉम्प्रेसरपाशी वायू ओळखणारे संवेदक, जे पेटण्याच्या किमान प्रमाणाचा एक चतुर्थांश, म्हणजे हवेत एक टक्का हायड्रोजन झाला की पुरवठा तोडतात. ज्योतीसाठी अतिनील आणि अवरक्त किरण टिपणारे डोळे. ही यंत्रं बसवली आहेत एवढं पाहून परवाना देणं पुरेसं नाही. संवेदक काळानुसार मंदावतो. तो शेवटचा कधी तपासला, खऱ्या वायूचा फवारा देऊन तपासला की नुसती बटणं दाबून, हे नोंदवहीत दिसलं पाहिजे.

आता एक वस्तू जरा जवळून बघू. पंपावरच्या कोणत्याही डिस्पेन्सरच्या बाजूला जाडजूड लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा बॉक्स असतो, त्यात विजेच्या जोडण्या असतात. त्याला फ्लेमप्रूफ बॉक्स म्हणतात. पुष्कळांची समजूत अशी, की या बॉक्समध्ये वायू शिरतच नाही. शिरतो. तसं धरूनच तो बनवलेला असतो. आत शिरलेला वायू पेटला तर स्फोटाचा दाब भिंतींनी सोसायचा, आणि झाकण व डबा यांच्यामधल्या रुंद कडांच्या अरुंद फटीतून ज्योत बाहेर येईपर्यंत ती थंड होऊन विझायची, ही त्याची युक्ती. किती अरुंद फट लागते हे प्रत्येक वायूसाठी प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. मिथेनसाठी ती सुमारे १.१४ मिलिमीटर भरते, हायड्रोजनसाठी ०.२९. म्हणजे मिथेनच्या ज्योतीला ज्या फटीत अडवता येतं, तिच्या चौथाई फटीतून हायड्रोजनची ज्योत वाट काढते. त्यामुळे अशा उपकरणांचे वर्ग केले आहेत. सीएनजीला ‘टू-ए’ वर्गाचं उपकरण चालतं. हायड्रोजनला सर्वांत कडक ‘टू-सी’ वर्ग लागतो, ज्यात त्याचा सोबती ॲसिटिलीन आहे. बॉक्सवरच्या छोट्या पट्टीवर हे एक अक्षर कोरलेलं असतं. जुन्या सीएनजी पंपाच्या आवारातच हायड्रोजनची सोय करायची म्हटलं, तर धोक्याच्या क्षेत्रातला प्रत्येक दिवा, प्रत्येक बॉक्स, प्रत्येक मोटार या एका अक्षरासाठी तपासावी लागते. आणि झाकणाचे सगळे बोल्ट जागेवर आहेत ना, हेही. दुरुस्तीला आलेल्या वायरमनने आठातले सहाच बोल्ट परत लावले, तर फट वाढली आणि बॉक्स साधा डबा झाला.

धातूंचं प्रकरण याहून गूढ आहे. हायड्रोजनचा अणू इतका लहान, की दाबाखाली तो पोलादाच्या आत शिरतो आणि वर्षानुवर्षांच्या भरण्या-उपसण्यात त्याला ठिसूळ करतो. उच्च दाबासाठी सर्रास वापरलं जाणारं बळकट पोलाद इथे उलट लवकर दगा देतं. निकेल जास्त असलेलं ३१६ जातीचं स्टेनलेस स्टील जास्त टिकतं. म्हणून पाइपाच्या प्रत्येक तुकड्यासोबत धातूचा दाखला मागतात, आणि टाकी आयुष्यात किती वेळा भरली-रिकामी केली याची मोजणी ठेवावी लागते.

दाबाचा अंदाज यावा म्हणून सांगते: मोटारीच्या चाकात हवा सुमारे दोन-सव्वादोन बार असते, सीएनजी २०० बार. हायड्रोजनच्या बस आणि ट्रकमध्ये बहुधा ३५० बार, मोटारींमध्ये ७००. पंपावरच्या साठ्याचा दाब त्याहूनही वर ठेवावा लागतो, नाहीतर वायू गाडीत जाणार कसा? आता सायकलचा पंप आठवा. दहा-बारा झटके मारले की नळीचं टोक हाताला चटका देतं. दाबला की वायू तापतो. मोटारीची टाकी तीन ते पाच मिनिटांत ७०० बारपर्यंत भरायची तर ती किती तापेल! टाकी कार्बन तंतूंच्या वेष्टणाची, अनेकदा आतून प्लास्टिकची, आणि तिची मर्यादा ८५ अंश. त्यावर उपाय म्हणून ७०० बारच्या पंपावर वायू आधी उणे ३३ ते उणे ४० अंशांपर्यंत गार करून मग नळीत सोडतात.

आणि गाडी व पंप एकमेकांशी बोलतात. नोझलमधून अवरक्त किरणांनी गाडी आपल्या टाकीचा दाब आणि तापमान सतत कळवत राहते. भरायला सुरुवात करण्यापूर्वी पंप थोडासा वायू सोडतो, थांबतो, आणि दाब उतरतोय का ते बघतो. उतरला तर भरणं तिथेच बंद. संवाद तुटला तर पंप बेताने, कमी मर्यादेत भरतो. वायूचा वेग सेकंदाला ६० ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचा नाही, असं मोटारींसाठीचं मानक आहे. नळीच्या मुळाशी एक सांधा असतो. ड्रायव्हर नोझल न काढताच गाडी घेऊन निघाला तर तो सांधा तुटतो आणि दोन्ही टोकं आपोआप बंद होतात. परवान्यापूर्वी हे सगळं चालवून दाखवावं लागतं. आपल्या हवेसाठी मी एक चाचणी आवर्जून मागेन. उणे ४० अंशांचं नोझल दमट हवेत बर्फाने गाडीला चिकटून बसतं, असा परदेशातल्या पंपांचा अनुभव आहे. ७०० बारचा पंप मुंबईत येईल तेव्हा त्याची चाचणी जुलैमध्ये झाली पाहिजे, जानेवारीत नव्हे.

लोकांचा सर्वांत पहिला प्रश्न मात्र अंतराचा असतो. पंप माझ्या घरापासून किती लांब? पूर्वी अशी अंतरं जाणत्या माणसांच्या अंदाजाने ठरायची. अमेरिकेत गेल्या दीड-दोन दशकांत सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या कामातून वेगळी रीत आली. पाइप पूर्ण तुटेल असं धरायचं की बारीक चीर पडेल असं? त्यांनी प्रत्यक्ष गळत्यांची माहिती तपासली आणि पाइपाच्या आतल्या क्षेत्रफळाच्या ३ टक्के एवढं भोक पडेल, असं धरून अंतरं काढली. त्या भोकातून वायूची धार किती लांब जाईल, पेटली तर धग कुठवर पोचेल, त्यावरून इमारत, रस्ता, हवा आत ओढणारी खिडकी यांच्यासाठी वेगवेगळे आकडे येतात. या अंतरांच्या नियमावलीच्या पुढच्या एका आवृत्तीत ३ चं १ टक्का झालं आणि अंतरं घटली. मला ही रीत प्रामाणिक वाटते, कारण आकडा कुठून आला हे कुणालाही तपासता येतं. पण ती एका गोष्टीवर टेकलेली आहे: भोक लहानच पडेल यावर. आणि ते लहान राहतं तेव्हाच, जेव्हा जोडणी करणाऱ्याने आपलं काम नीट केलेलं असतं.

१० जून २०१९ ची संध्याकाळ. नॉर्वेत ऑस्लोजवळ सँडविका इथे हमरस्त्याकाठच्या हायड्रोजन पंपावर स्फोट झाला. दणका इतका, की जवळून जाणाऱ्या गाडीतल्या हवेच्या पिशव्या फुगल्या आणि दोघांना त्यांचाच मार बसला. पंपावर त्या वेळी कुणी जखमी झालं नाही. हमरस्ता बंद करावा लागला, पंप बनवणाऱ्या कंपनीचे इतर पंप थांबवले गेले, काही काळ हायड्रोजन मोटारींची विक्री थांबली. महिनाअखेर कारण समोर आलं. उच्च दाबाच्या टाकीच्या तोंडावर जे बूच असतं, त्याचे आतले बोल्ट पुरेसे आवळले गेले नव्हते. संगणक बरोबर होता, धातू बरोबर होता, नकाशा मंजूर होता. पाना नीट फिरला नव्हता. आधी थोडा वायू पाझरला, मग त्या दाबाने आतली पकड उचलली गेली आणि धार सुटली.

त्यानंतर कंपनीने जे बदल जाहीर केले, ते प्रत्येक मंजुरी अधिकाऱ्याच्या टेबलावर लावून ठेवावेत, अशा मताची मी आहे. टाकी जुळवताना बोल्ट किती आवळला ते मोजून पडताळायचं. एकाने आवळायचा, दुसऱ्याने उभं राहून बघायचा. खूण करायची आणि नोंद ठेवायची. गळतीची तपासणी पूर्वीपेक्षा जास्त वेळा. टाक्यांभोवतीची जमीन गुळगुळीत, हवा जास्त खेळती, स्फोटरोधक उपकरणं जास्त जागी. यात एकही नवं शास्त्र नाही. चांगल्या गॅरेजमधला जुना मिस्त्री चाकाचे नट आवळून झाल्यावर पोराला सांगतो, “एकदा तू पण बघ.” तेच हे.

सँडविकाच्या अठरा दिवस आधी, २३ मे २०१९ रोजी, दक्षिण कोरियात गांगनुंग इथे हायड्रोजनच्या टाक्या फुटल्या. दोन जण गेले, सहा जखमी झाले. तिथे दाब शेकड्यांत नव्हता, तो पंपही नव्हता, तर सौर विजेवर पाण्यापासून हायड्रोजन बनवण्याचा प्रयोग होता. वीज कमी-जास्त झाली आणि पाणी विघटित करणारं यंत्र आपल्या क्षमतेच्या खाली चाललं, की हायड्रोजनमध्ये ऑक्सिजन मिसळू लागतो. तो मिसळला. ऑक्सिजन काढून टाकणारं उपकरण खर्चापायी बसवलेलंच नव्हतं. टाकीतच दोन्ही वायू, आणि स्थिर विजेची एक ठिणगी. हरित हायड्रोजन म्हणजे नेमकी हीच वाट: सूर्य, पाणी आणि जागेवरच उत्पादन. म्हणून जिथे पंपाच्या आवारातच हायड्रोजन बनणार, तिथे ऑक्सिजन मोजणारं यंत्र आणि त्याच्या आकड्यावर आपोआप थांबणारं उत्पादन ही परवान्याची अट असलीच पाहिजे. ढग आला तर यंत्र काय करतं, हे विचारल्याशिवाय सही करू नये.

या दोन्ही घटना वाचल्यावर मला परवान्याच्या कागदाचा अर्थ बदललेला वाटतो. नकाशावरची सही एका दिवसाची असते, बोल्ट रोज असतो. पहिल्या तपासणीचा थाट मोठा असतो, अधिकारी येतात, सगळं चकचकीत असतं. पाचव्या वर्षी कंत्राटदार बदललेला असतो, शिकवलेला मुलगा दुसरीकडे गेलेला असतो, संवेदकाचा सतत वाजणारा भोंगा ‘उगाच वाजतो’ म्हणून कुणीतरी बंद केलेला असतो. मंजुरी टिकवायची तर पहिल्या दिवसाइतकाच जोर पाचव्या वर्षाच्या तपासणीवर हवा. गळत्यांची आणि खोट्या भोंग्यांची नोंद सगळ्या पंपांनी एकाच ठिकाणी द्यावी, आणि ती लोकांना वाचता यावी. नऊ पंप असतानाच ही सवय लागली तर नऊशे होतील तेव्हा ती असेल.

आणि अग्निशमन दल. पुणे–मुंबई मार्गावरच्या दलांना पेट्रोलच्या टँकरची आग माहीत आहे. हायड्रोजनची आग वेगळी लढावी लागते. ज्योत विझवण्याची घाई करायची नाही, आधी वायू बंद करायचा. पुरवठा चालू असताना ज्योत विझली तर न जळालेला वायू साचतो आणि मग पेटतो तो स्फोट होऊन. तोवर आजूबाजूच्या टाक्यांवर पाणी मारून त्या गार ठेवायच्या. वाहनाच्या टाकीला सुमारे ११० अंशांना उघडणारी झडप असते, ती उघडली तर वायूची जळती धार कोणत्या दिशेने येईल हे जवानाला ठाऊक हवं. ज्योत दिसण्यासाठी उष्णता टिपणारा कॅमेरा हवा, आणि तो मुख्यालयाच्या कपाटात नको, सर्वांत जवळच्या बंबावर हवा. पंप सुरू होण्याआधी तिथल्या दलाने त्या आवारात सराव केलेला असावा.

तुमच्या गावाजवळ अशा पंपाची पाटी लागली, तर विरोध करण्याआधी किंवा टाळ्या वाजवण्याआधी ग्रामसभेत किंवा नगरसेवकाला एवढं विचारा: आमच्या अग्निशमन दलाने इथे सराव केला का, कधी केला? जवळच्या बंबावर तो कॅमेरा आहे का? संवेदक आणि टाक्यांच्या जोडण्या शेवटच्या कधी तपासल्या, आणि त्याची नोंद आम्हाला बघायला मिळेल का? आणि पंपावर कधी फुत्कारल्यासारखा वायूचा आवाज आला, माणसं मागे पळताना दिसली, पण आग मात्र कुठेच दिसली नाही, तर पुढे जाऊन पाहू नका. ती तिथे असू शकते.